रविवर्मा प्रेसच्या जुन्या तसबिरी: ओळखाव्यात कशा, घ्याव्यात कशा, जपाव्यात कशा

जुन्या मराठी घरांत माजघराच्या भिंतीवर किंवा देव्हाऱ्याशेजारी काळपट सागवानी चौकटीतली एखादी लक्ष्मी, सरस्वती किंवा दत्त हमखास असायचा. वाडा पाडायला निघाला, घराच्या वाटण्या झाल्या की या तसबिरींचं काय करायचं हा प्रश्न येतो आणि तिथे दोन टोकांची मतं ऐकू येतात. कुणी म्हणतं, हे मूळ रविवर्म्याचं चित्र आहे, लाखोंचा माल आहे. कुणी म्हणतं, जुनं कॅलेंडर आहे, भंगारात घाला. दोन्ही चूक. बहुतेक वेळा ती असते शिळाछाप, म्हणजे दगडावरून रंग चढवत छापलेलं चित्र. त्यावर रोगण फिरवून तैलचित्राचा भास आणलेला असेल तर त्याला ओलिओग्राफ म्हणतात.

जुन्या कलावस्तूंचा संग्रह सुरू करायचा असेल तर मराठी माणसाला याहून चांगली सुरुवात नाही, असं मला मनापासून वाटतं. वस्तू आपल्या परिसरातली आहे, ती अजून मिळते, आणि ओळखायला लागणारी हत्यारं खिशात मावतात. एक गोष्ट मात्र पहिल्यापासून मनात ठेवा. देवीचा चेहरा किती सुंदर आहे हे नंतर पाहायचं. आधी कागद, शाई आणि छपाई पाहायची. संग्राहक विकत घेतो ते छापकाम.

आधी प्रेसची हकिकत

हा इतिहास माहीत असल्याशिवाय चित्राखालचा मजकूर वाचता येत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. राजा रविवर्मा यांचा जन्म 1848 चा, केरळातल्या किळिमानूरचा. त्यांची तैलचित्रं राजेरजवाड्यांच्या महालांत लागत होती. 1884 मध्ये सर टी. माधवरावांनी त्यांना पत्र लिहून सुचवलं, की निवडक चित्रं युरोपात पाठवून त्यांचे ओलिओग्राफ काढून घ्यावेत, म्हणजे ती सगळ्यांपर्यंत पोचतील. (माधवराव तंजावरकडच्या मराठी घराण्यातले; त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तिन्ही संस्थानांचे दिवाण झालेले. या कल्पनेच्या मुळाशी एक मराठी माणूस आहे.) पुढे युरोपात छपाई करून घेण्याऐवजी रविवर्मा आणि त्यांचे बंधू सी. राजा राजा वर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत गिरगावला स्वतःचा छापखाना काढला. यंत्रं जर्मनीहून आली, कारागीरही जर्मन आले. पहिलं चित्र निघालं ते शकुंतलेच्या जन्माचं.

1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. गिरगावातून घाटकोपर आणि तिथून लोणावळ्याजवळ मळवली असा प्रेसचा प्रवास झाला. धंदा तोट्यात होता, म्हणून विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला गेला. रविवर्मा 1906 मध्ये गेले. प्रेस मात्र पुढे कित्येक दशकं चालू राहिला. देवदेवतांची चित्रं, कॅलेंडरं, लेबलं, जाहिराती असं सगळं तिथे छापलं जाई. 1972 मध्ये आग लागून त्यातलं बरंच भस्मसात झालं.

यातून संग्राहकाने घ्यायची गोष्ट एवढीच, की 'रविवर्मा प्रेस' असं छापलेलं प्रत्येक चित्र रविवर्म्यांनी काढलेलं नसतं. प्रेसकडे इतर चित्रकारही होते. रावबहादूर म. वि. धुरंधरांसारख्या नामवंतांची चित्रंही तिथे छापली गेली. विक्रेता 'रविवर्मा' म्हणेल तेव्हा शांतपणे विचारा: चित्रकार रविवर्मा, की फक्त छापखाना?

नजर तयार करणे

विकत घेण्याआधी भरपूर पाहा. सातारा जिल्ह्यातल्या औंधला श्रीभवानी संग्रहालय आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, त्यांनी उभारलेलं. तिथे रविवर्म्यांची मूळ तैलचित्रं पाहायला मिळतात. बडोद्याला लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातलं महाराजा फत्तेसिंह संग्रहालय तर रविवर्म्यांसाठीच जावं असं आहे.

मूळ तैलचित्रासमोर उभं राहिलात की कुंचल्याचा फटकारा दिसतो, रंगाचा थर कमीजास्त जाड दिसतो, सावलीतला रंग खोल जातो. हे एकदा डोळ्यांत बसलं की छापील चित्रातली सपाटी चटकन कळते. ओलिओग्राफवर कधीकधी कॅनव्हासच्या विणीचा ठसा मुद्दाम उठवलेला असतो, पण तो सगळीकडे एकसारखा असतो. आकाशातही तोच, चेहऱ्यावरही तोच.

भिंग लावून पाहणे

आता मुख्य काम. सराफ वापरतात ते दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि एक छोटी विजेरी. चित्र काचेतून पाहून चालणार नाही असं नाही, पण काच स्वच्छ पुसून भिंग शक्य तितकं जवळ न्या.

लक्ष्मीचं उदाहरण घेऊ, कारण ती सगळ्यात जास्त घरांत गेली. कमळावर उभी चतुर्भुज देवी, बाजूला सोंडेत माळ घेतलेला हत्ती. भिंग गालावर ठेवा. लांबून जो सलग गोरा-गुलाबी वर्ण दिसतो, तो जवळून फुटतो आणि ठिपक्यांची दाटी दिसू लागते. फिकट गुलाबी, तपकिरी, करडा-निळसर असे ठिपके. कुठे विरळ, कुठे एकमेकांवर चढलेले, एकाचा आकार दुसऱ्यासारखा नाही. हनुवटीखालच्या सावलीत करडे ठिपके दाट होतात, नाकाच्या शेंड्यावर कागदाचा मूळ रंगच उजेड म्हणून सोडून दिलेला असतो. हे ठिपके माणसाने हाताने दगडावर एकेक करून मांडलेले आहेत.

ते कसं होतं हे समजून घ्या, म्हणजे भिंगाखालचं दृश्य वाचता येईल. बव्हेरियातला बारीक पोताचा चुनखडीचा दगड घासून सपाट करतात. त्यावर तेलकट शाईने किंवा खडूने चित्र काढतात. दगड ओला करून त्यावर छपाईची शाई फिरवली, की तेल आणि पाण्याचं वैर असल्यामुळे शाई फक्त रेखाटलेल्या जागी बसते. एका दगडावर एकच रंग. एका चित्रात जितके रंग आणि छटा तितके दगड, आणि तोच कागद तितक्या वेळा यंत्रातून जातो. मूळ चित्र पाहून त्यातला नुसता गुलाबी कुठे, नुसता पिवळा कुठे हे मनात वेगळं काढून त्या त्या दगडावर उतरवणारा कारागीर हा या साऱ्यातला खरा कसबी माणूस. त्याचं नाव चित्रावर कुठेही नसतं.

प्रत्येक वेळी कागद नेमक्या त्याच जागी बसावा लागतो. तो केसभर जरी सरकला तरी ओठांच्या कडेला लाल रंग बाहेर डोकावतो, पदराच्या काठाला निळी कड दिसते. भिंग हाताच्या बोटांवर आणि दागिन्यांच्या कडांवर न्या, तिथे ही जुळणी कळते. जुळणी चांगली असलेली प्रत आणि बिघडलेली प्रत यांत मोठा फरक असतो. दोन प्रतींतून निवडायची वेळ आली तर मी चेहऱ्याची आणि बोटांची जुळणी पाहून ठरवीन. कागदावरचा एखादा डाग चालेल.

नंतरच्या काळातली ऑफसेट छपाई भिंगाखाली अगदी वेगळी दिसते. निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार रंगांचे ठिपके ठरावीक अंतरावर, शिस्तीत, फुलाच्या पाकळ्यांसारखी वर्तुळं करून बसलेले असतात. असं जाळं संपूर्ण चित्रभर दिसलं की ती शिळाछाप नाही. आजच्या संगणकी छपाईत फवारा मारल्यासारखे अतिबारीक कण दिसतात आणि त्यांना धार नसते. या तिघांतला फरक हातात बसवायला घरचीच वस्तू वापरा: गेल्या वर्षीचं कॅलेंडर, संगणकी छपाईयंत्रावर छापलेला एखादा फोटो आणि एक जुनी तसबीर शेजारी ठेवून पाहा. अर्ध्या तासात नजर तयार होते.

चित्राखालची ओळ

बहुतेक चित्रांच्या खालच्या पट्टीवर शीर्षक, प्रेसचं नाव आणि गाव बारीक अक्षरांत असतं. 'एफ. ए. एल. प्रेस' म्हणजे फाइन आर्ट लिथोग्राफिक प्रेस. गाव मुंबई असेल तर छपाई आधीची असण्याची शक्यता. कार्ला-लोणावळा किंवा मळवली असेल तर प्रेस हलल्यानंतरची. ही ओळ अक्षरशः जशी आहे तशी वहीत उतरवा, स्पेलिंगच्या चुकांसकट. 'अनंत शिवाजी देसाई, मोती बाजार, मुंबई' असा विक्रेत्याचा पत्ताही अनेक चित्रांवर आढळतो.

फ्रेमवाल्यांनी चौकटीत बसवायला ही पट्टी कित्येकदा कापून टाकलेली असते. पट्टी शाबूत असलेल्या प्रतीला जास्त भाव मिळतो तो योग्यच आहे, कारण चित्राची ओळख त्या बोटभर कागदावर आहे. पट्टी नसेल तर भिंगावरच भिस्त ठेवावी लागते.

रविवर्मा प्रेस एकटा नव्हता, हेही ध्यानात असू द्या. त्याच्याही आधी, 1878 मध्ये, विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात चित्रशाळा प्रेस काढला होता. रामपंचायतन, पेशवाईतले पुरुष अशी चित्रं तिथून घराघरांत गेली. कलकत्ता आर्ट स्टुडिओही त्याच सुमाराचा. चित्रशाळेची जुनी छपाई रविवर्मा प्रेसइतकी मुलायम नाही, पण महाराष्ट्राच्या राजकीय मनाचा इतिहास त्यात आहे. माझं मत विचाराल तर आज चित्रशाळेच्या चित्रांकडे लोकांचं पुरेसं लक्ष नाही, आणि नव्या संग्राहकाने तिकडे जरूर वळावं.

नवं चित्र जुन्या चौकटीत

रविवर्म्यांची चित्रं आज कुणीही छापू शकतो, त्यात गैर काही नाही. नवी प्रत जुनी म्हणून विकली जाते तेव्हा फसवणूक होते. चौकट खरी जुनी असते, काचही जुनी लाटदार असते, आत मात्र चहाच्या पाण्याने पिवळा केलेला कागद.

भिंगाने बहुतेक प्रकरणं उघडी पडतातच. जोडीला अतिनील विजेरी ठेवा, नोटा तपासायला दुकानदार वापरतात तसली. साधारण 1950 नंतर कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं घालू लागले. अंधारात असा कागद या प्रकाशात निळसर-पांढरा चकाकतो. जुना कागद मंद, पिवळसर किंवा तपकिरी राहतो. ही विजेरी डोळ्यांवर मारू नका आणि चित्रावर फार वेळ धरू नका.

मागची बाजू पाहायला विसरू नका. खिळे गंजलेले आहेत की कालचे? पाठीच्या फळीचा डाग कागदावर त्याच आकारात उमटला आहे का? शंभर वर्षं फळीला टेकून राहिलेल्या कागदावर फळीच्या फटींच्या गडद रेघा उमटतात. चहाने आणलेला पिवळेपणा मात्र सगळीकडे सारखा किंवा उगाच ढगाळ असतो.

जरी, टिकल्या आणि मखमल लावलेली चित्रं हा एक वेगळाच सुंदर प्रकार. घरातल्या बायकांनी छापील देवीला खरं कापड नेसवलं, काठाला जर लावली, दागिन्यांवर टिकल्या शिवल्या. काही संग्राहक याला बिघडवलेली प्रत समजतात. मी अशी प्रत आनंदाने घेईन, कारण छापखान्यातून हजारोंनी निघालेलं चित्र तिथे एकमेव झालेलं असतं. फक्त कापड आणि जर जुनी आहे का, टाके कागदाला फाडत नाहीत ना, हे पाहून घ्या.

कुठे शोधायचं आणि भाव कसा ठरवायचा

पहिला शोध आपल्याच घरात, मग आत्या, मामा, मावशी यांच्या माळ्यांवर. नातेवाइकांकडून मिळालेल्या चित्रामागे त्याची हकिकत असते, बाजारात ती मिळत नाही. बाहेर पडायचं तर मुंबईत भेंडीबाजाराजवळची मटण स्ट्रीट, म्हणजे चोरबाजार, आणि पुण्यातला जुना बाजार. शिवाय जुन्या फ्रेमवाल्यांची दुकानं. लोक नवी फ्रेम करून घेतात आणि जुनी तिथेच सोडतात. ऑनलाइन घेताना भिंगातून काढलेला फोटो, खालच्या पट्टीचा फोटो आणि पाठीचा फोटो हे तीन मागा. तीनपैकी एकही द्यायला टाळाटाळ झाली तर विषय सोडा.

भावाचा ठरलेला तक्ता नाही. लिलावगृहांच्या संकेतस्थळांवर आधीच्या विक्रीच्या किमती दिसतात, त्या पाहून अंदाज घ्या. मात्र लिलावात गेलेली प्रत निवडक असते, तिचा भाव प्रत्येक लक्ष्मीला लागू होत नाही. विषय किती दुर्मीळ, छपाई किती आधीची, पट्टी आहे की नाही, रंग किती ताजे आणि कागद किती धड, यावर भाव ठरतो. लक्ष्मी-सरस्वती भरपूर छापल्या गेल्या, त्यामुळे त्यांची सामान्य प्रत घाईने घेऊ नये, बरी मिळते. पुराणातले कमी खपलेले प्रसंग, जुन्या जाहिराती आणि लेबलं मात्र दिसली की विचार करायला वेळ कमी असतो.

सगळं थोडं थोडं गोळा करण्यापेक्षा एक धागा धरा. फक्त दत्त, फक्त विठ्ठल, फक्त मळवलीची छपाई, किंवा एकाच चित्राच्या वेगवेगळ्या काळच्या प्रती. तीच शकुंतला तीन वेळा छापली गेली की रंग कसे बदलतात, दगड झिजले की बारकावे कसे पुसट होतात, हे शेजारी ठेवल्यावरच दिसतं.

चौकट उघडणं

घाई नको, आणि पावसाळ्यात तर नकोच. मोठं टेबल, त्यावर स्वच्छ सुती कापड, हात धुऊन कोरडे. आधी पुढून-मागून फोटो काढा. तसबीर पालथी ठेवून पाठीचे खिळे पक्कडीने सरळ ओढून काढा. ठोकून सैल करायला जाऊ नका, काच तडकते. फळी उचलल्यावर आत बहुधा जुनं वर्तमानपत्र असतं. ते टाकू नका. त्यावरची तारीख छपाईची नाही, पण फ्रेम त्या तारखेच्या आधी झालेली नाही एवढं तरी कळतं, जर फ्रेम पुन्हा उघडलेली नसेल तर. फ्रेमवाल्याची चिठ्ठी पाठीवर असेल तर तीही जपा.

आता थांबा आणि चित्र काचेला चिकटलं आहे का ते पाहा. ओलाव्याने रोगण काचेला धरतं. तसं असेल तर ओढू नका, पाणी लावू नका, गरम करू नका. आहे तसं परत बंद करून कागद-संवर्धकाकडे न्या. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे, इन्टॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्याही प्रयोगशाळा आहेत.

सुटं निघालं तर मऊ, कोरड्या, रुंद ब्रशने पाठीवरची धूळ आणि कसर झाडा. पुढच्या बाजूला ओला बोळा फिरवण्याचा मोह होईल. टाळा. रोगण पिवळं पडलेलं असतं आणि त्याखाली रंग उजळ असतो हे खरं, पण ते काढणं घरचं काम नाही. फाटलेल्या जागी सेलोटेप तर कधीच लावू नका. तिचा चिकट द्राव कागदात उतरतो आणि तपकिरी डाग कायमचा राहतो. लॅमिनेशन केलेली प्रत तर संग्राहकाच्या दृष्टीने संपलीच.

परत फ्रेम करताना आणि टांगताना

लाकडी फळीतलं आणि स्वस्त पुठ्ठ्यातलं आम्ल कागदाला ठिसूळ करतं, म्हणून पाठीला आणि कडेला आम्लरहित पुठ्ठा हवा. फ्रेमवाल्याला स्पष्ट सांगा: चित्र डिंकाने चिकटवायचं नाही, कापायचं नाही, आणि काच चित्राला टेकता कामा नये. मध्ये माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याची, पट्टी ठेवली की हवेला जागा राहते. चित्र माउंटला धरायला जपानी कागदाच्या छोट्या पट्ट्या आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात. ती पाण्याने पुन्हा सुटते. जुनी चौकट शक्यतो तीच ठेवा.

कोकणात आणि मुंबईत खरा शत्रू ओल आहे. पावसाचा मारा येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर तसबीर लावू नका. आतल्या भिंतीवरही चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि पाठ यांत हवा खेळेल. थेट ऊन नको, स्वयंपाकघराजवळ नको. श्रावणात एकदा सगळ्या तसबिरी उतरवून पाठी पाहायच्या: बुरशीचा ठिपका, वाळवीची माती, कसरीने कुरतडलेली कड लवकर दिसली तर चित्र वाचतं.

चित्राची रोज पूजा होत असेल तर प्रश्न नाजूक आहे. समईची काजळी, उदबत्तीचा धूर आणि काचेच्या फटीतून उतरणारं गंध यांनी कागद खराब होतो. घरातल्या मोठ्यांशी बोलून त्याच चित्राची चांगली छापील प्रत देव्हाऱ्यात ठेवता येते. त्यांना ते पटत नसेल, तर चित्र तिथेच राहू द्या आणि फक्त फ्रेम नीट करून द्या. ते चित्र त्यासाठीच छापलं गेलं होतं.

नोंद आणि कायदा

प्रत्येक चित्राची एक पानभर नोंद करा: विषय, खालच्या पट्टीचा मजकूर, चित्राचं आणि पूर्ण कागदाचं माप, अवस्था, कुणाकडून आलं, किती रुपयांना, पावती. चित्रामागे कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने क्रमांक टाका, पेनाने नाही.

1972 चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा संग्राहकाने वाचलेला असावा. शंभर वर्षांहून जुनी कलाकृती पुरावस्तू ठरते (हस्तलिखितांसाठी ही मर्यादा 75 वर्षं) आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. जुन्या मूर्ती, जुनी हाताने काढलेली चित्रं, सचित्र पोथ्या अशा वस्तू घरात असतील तर त्यांची सरकारदरबारी नोंदणी करावी लागते, आणि पुरावस्तूंचा व्यापार करणाऱ्याकडे परवाना हवा. रविवर्म्यांची मूळ चित्रं तर राष्ट्रीय कलानिधी म्हणून जाहीर झालेली आहेत. त्यांना वयाची अट नाही, निर्यात बंदच.

अमेरिकेत किंवा दुबईत राहणारी मुलं आजीची तसबीर न्यायची म्हणतात तेव्हा हे आठवा. चित्र शंभर वर्षांच्या आतलं आहे अशी खात्री असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ते पुरावस्तू नसल्याचा दाखला आधी मिळवायचा आणि मगच सामान बांधायचं. विमानतळावर अडवल्यावर तो मिळत नाही. चित्र त्याहून जुनं निघालं तर मूळ प्रत इथेच ठेवा, फ्रेम उघडलेली असतानाच चांगल्या स्टुडिओत तिचा मोठा फोटो काढून घ्या आणि मुलांना त्याची छपाई मूळ मापात पाठवा.